कोच गेला, आता पोरं शाळा बदलायला निघालीत (टेक्सास, हायस्कूल फुटबॉल)

सांगलीचा_बाबा | १६ जानेवारी

आम्ही डॅलसच्या उत्तरेच्या उपनगरात राहतो. मुलगा दहावीत आहे, शाळेच्या व्हर्सिटी, म्हणजे मुख्य टीममध्ये राइट गार्ड खेळतो. भारतातल्या वाचकांसाठी सांगतो, इकडचं फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि पॅड घालून खेळतात ते. गार्ड म्हणजे लाइनमध्ये, म्हणजे पुढच्या फळीत, मधोमध असणाऱ्या सेंटरच्या शेजारी उभा राहून समोरच्याला अडवणारा. त्याच्या हातात बॉल जवळजवळ कधीच येत नाही, आणि त्याचं नाव माइकवर ऐकू येतं ते बहुतेक चूक झाली की.

गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी शेवटच्या तासाला सगळ्या मुलांना फील्डहाउसमध्ये बोलावलं आणि हेडकोचनी सांगितलं की ते चाललेत. चाळीस मैलांवर मोठी शाळा आहे, तिकडे. चार वाक्यं बोलले, दोन मुलांना मिठी मारली आणि गेले. पोरगा घरी आला तो बूट न काढता सोफ्यावर बसला. रात्री जेवला नाही. सातवीत असताना याच कोचनी मिडल स्कूलच्या मैदानावर येऊन त्याला सांगितलं होतं, तुझे पाय चांगले आहेत, लाइनमध्ये ये. त्याआधी हा बास्केटबॉलच्या बाकावर बसायचा.

इथे सरकारी शाळेचा कोच स्कूल डिस्ट्रिक्टचा (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा) पूर्णवेळ कर्मचारी असावा लागतो. त्यामुळे हेडकोच गेला की पाठोपाठ ऑफेन्सचा, डिफेन्सचा कोच जातो, आणि ऐन वर्षात इतिहासाचे आणि हेल्थचे शिक्षकही जातात. आमच्याकडे तिघे निघाले.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी इथे लिहीत बसलो नसतो. नऊ दिवसांत क्वार्टरबॅकचं (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) घर विक्रीला लागलं. दोन रिसीव्हर (बॉल झेलणारे) आणि एक लाइनबॅकर (बचावातला) जाणार अशी कुजबुज आहे. आणि रविवारी एका मुलाच्या वडिलांचा मला फोन आला. माणूस वाईट नाही, तीन वर्षं आम्ही शेजारी बसून सामने बघितलेत. त्यांचं म्हणणं असं: त्या शाळेच्या हद्दीत एक बेडरूमचं अपार्टमेंट घ्या, सहा महिन्यांचा भाडेकरार करा, वीजबिल तुमच्या नावावर येऊ द्या. राहा तुम्ही आपल्या घरातच. आम्ही तिघंचौघं हेच करतोय, कोचला तुमचा मुलगा हवाच आहे.

बायको म्हणते यात विचार करण्यासारखं काही नाही, खोटं ते खोटं. मलाही तसंच वाटतं. पण पुढचं वर्ष अकरावीचं, कॉलेजचे कोच बघतात ते वर्ष. चौघे चांगले खेळाडू गेलेल्या, नवख्या कोचच्या टीममध्ये तो राहिला तर त्याचं नुकसान होईल का, हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

---

बँडवाली_आई | १६ जानेवारी

दादा, तुमचं वाचून पोटात तुटलं. माझी मुलगी मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. दर शुक्रवारी मी स्टँडमध्ये असते, आणि फुटबॉल टीममध्ये जे होतं ते दुसऱ्या दिवशी बँड हॉलमध्ये पोचतं.

आम्ही फ्रिस्कोत. इथे एकाच डिस्ट्रिक्टची १२ हायस्कुलं आहेत. शाळा लहान ठेवायच्या, म्हणजे जास्त मुलांना टीममध्ये, बँडमध्ये, नाटकात जागा मिळते, असा विचार त्यामागे आहे आणि तो मला पटतो. पण शेजारच्या शाळेची हद्द पाच मिनिटांवर सुरू होते, त्यामुळे उडी मारायचा मोहही तेवढाच जवळ. याउलट ॲलनला अख्ख्या गावाचं एकच हायस्कूल. १८ हजार माणसं बसतील असं स्टेडियम त्यांनी २०१२ मध्ये जवळपास ६ कोटी डॉलर खर्चून बांधलं, आणि दोन वर्षांत काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून बंद ठेवावं लागलं. तरी गाव म्हणून सगळे एका टीमच्या मागे उभे असतात, त्याचा मला हेवा वाटतो.

एक सांगते. आमच्याकडे मागे कोच बदलला आणि पाचसहा मुलं गेली. होमकमिंगला (माजी विद्यार्थ्यांना बोलावून होणारा शाळेचा वार्षिक सोहळा) त्यातल्या एकाच्या मैत्रिणीसाठी त्याच्या आईने आधीच मम बनवून ठेवला होता. (मम म्हणजे मोठ्ठं कागदी शेवंतीचं फूल, रिबिनी, घंटा, शाळेचे रंग. टेक्सासबाहेर कुणाला हे समजावता येत नाही.) ती मुलगी तो मम घालून एकटी फिरत होती. मोठी माणसं भाडेकराराचं बोलतात तेव्हा ही मुलगी मला आठवते.

---

निवृत्त_गणितबाई | १७ जानेवारी

मी टेक्सासच्या सरकारी शाळांत एकवीस वर्षं अल्जेब्रा शिकवलं. खेळाडूंचे गुण, पात्रता, कागदपत्रं हे सगळं जवळून पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यूआयएल, म्हणजे युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग, ही टेक्सास विद्यापीठाच्या छत्राखालची संस्था. सरकारी शाळांचे खेळ, बँड, वादविवाद, सगळं तिच्या नियमांनी चालतं. शाळा बदलणाऱ्या खेळाडूला दोन कुंपणं ओलांडावी लागतात.

पहिलं घराचं. आईवडील नव्या शाळेच्या हद्दीत खरोखर राहायला हवेत. नियमात नुसता भाडेकरार नाही विचारत. तुमचं सामानसुमान तिथे आहे का, टपाल तिथे येतं का, मतदार नोंदणी कुठली, नेहमीचं राहणं कुठे, असं एकेक विचारतात. जुनं घर तसंच ठेवून, त्यात बाकीचं कुटुंब ठेवून घेतलेली एक खोली या प्रश्नांपुढे टिकत नाही. मी अशी घरं पाहिली आहेत. आत एक गादी आणि एक मायक्रोवेव्ह.

दुसरं कुंपण हेतूचं. आठवीपासून पुढे मूल दुसऱ्या शाळेकडून खेळलेलं असेल, तर पूर्वीच्या सहभागाचा एक फॉर्म भरावा लागतो. त्याला सगळे पीएपीएफ म्हणतात. पालक भरतात, नवी शाळा भरते आणि जुन्या शाळेकडे जातो. कोचशी खटका होता का, नाराजी होती का, कुणी बोलावून घेतलं का, हे प्रश्न त्यात असतात. बदल खेळासाठी केला असं जुन्या शाळेला वाटलं तर तसं त्या लिहितात. मग प्रकरण डिस्ट्रिक्ट एक्झिक्युटिव्ह कमिटीपुढे जातं. (इथे डिस्ट्रिक्ट म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या शाळांचा गट.) तिथे कोण बसतं? ज्यांच्याविरुद्ध शुक्रवारी खेळायचं त्याच शाळांचे प्रतिनिधी. ते मतदान करतात. खेळासाठी शाळा बदलली असं ठरलं की मूल किमान एक वर्ष व्हर्सिटीतून बाहेर. ज्युनिअर व्हर्सिटी खेळू शकतं. वर दाद मागता येते.

आता तुमचं गणित मांडा. अकरावीचं वर्ष वाचवायला तुम्ही जाताय, आणि डाव फसला तर नेमकं अकरावीचंच वर्ष जातं. शिवाय अपात्र मुलाला खेळवलं असं नंतर उघड झालं तर टीमला जिंकलेले सामने गमवावे लागतात. म्हणजे शंभर मुलांचा हंगाम तुमच्या एका सहीवर.

आणखी एक. "कोचला तुमचा मुलगा हवाच आहे" हे वाक्य त्या गृहस्थांपर्यंत कसं पोचलं? कोचने निरोप धाडला असेल तर त्याला मुलं ओढणं म्हणतात आणि त्यासाठी कोचवर कारवाई होते. कोच काही बोललाच नसेल, तर ते गृहस्थ आपल्या मनाचं सांगताहेत. दोन्ही बाजूंनी त्या वाक्यावर घर बांधू नका.

---

सांगलीचा_बाबा | १७ जानेवारी

बाई, मनापासून आभार. कमिटीत प्रतिस्पर्धी शाळांची माणसं असतात हे मला ठाऊकच नव्हतं. फोन करणाऱ्यांनाही ठाऊक नसावं.

---

प्लेनोकर_आयटी | १७ जानेवारी

मी थोडं वेगळं म्हणतो, राग मानू नका. कोच जास्त पगारासाठी गेला, त्याला कुणी अडवलं नाही. आपण सगळे नोकऱ्या बदलत बदलत इथवर आलो. मग पंधरा-सोळा वर्षांच्या पोरानेच का खिळून राहायचं? क्वार्टरबॅक कायलर मरे लुइसव्हिलहून ॲलनला आला, आणि स्टार्टर म्हणून खेळलेले ४२ च्या ४२ सामने जिंकला, तीन राज्य विजेतेपदं. साउथलेकचा क्वार्टरबॅक क्विन यूअर्स २०२१ मध्ये बारावीचं वर्ष सोडून थेट ओहायो स्टेटला गेला, कारण टेक्सासमध्ये हायस्कूलच्या मुलाला आपलं नाव जाहिरातीला देऊन पैसे घेता येत नव्हते आणि तिकडे करार तयार होता. ज्याच्याकडे हुनर आहे त्याने संधीकडे जायचं.

शिवाय आता कॉलेजचे कोच पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) तयार, वाढलेले, दोन-तीन वर्षं खेळलेले खेळाडू घेतात. हायस्कूलमधून येणाऱ्यांच्या जागा आकसल्यात. २०२५ पासून मोठ्या कॉलेजांच्या फुटबॉल टीमवर १०५ खेळाडूंची मर्यादा आली, त्यामुळे आणखी. आईबाप घाबरलेत ते उगाच नाही.

घर खरंच बदला आणि जा. त्यात खोटं काही नाही.

---

निवृत्त_गणितबाई | १८ जानेवारी

शेवटचं वाक्य मान्य. खरं घर बदलणाऱ्यांना मी कधीच नावं ठेवली नाहीत. तरी हेतूचा प्रश्न शिल्लक राहतोच, फॉर्म तिथेही भरावा लागतो.

पण कोचशी तुलना पटत नाही. कोच पन्नाशीचा माणूस, त्याचा करार असतो, त्याला घर चालवायचं असतं. दहावीतल्या मुलाची बीजगणिताची शिक्षिका, लॅबमधला जोडीदार, जेवणाच्या टेबलावरची जागा, हे सगळं एका फटक्यात जातं. मी वर्गात अशी मुलं पाहिली आहेत. नव्या शाळेत पहिले सहा आठवडे ती फक्त खेळाडू असतात, विद्यार्थी नसतात. आणि टेक्सासमध्ये १९८४ पासून "पास नाही तर खेळ नाही" हा नियम आहे. एका विषयात ७० च्या खाली गेलात की किमान तीन आठवडे सामना नाही. शाळा बदलल्यावर सगळ्यात आधी मार्क घसरतात.

---

यवतमाळचा_लबकात | १८ जानेवारी

आमच्याकडची गंमत निराळी आहे. पश्चिम टेक्सासातल्या लबकच्या आसपासची गावं म्हणजे कापसाची शेतं आणि मध्ये एक शाळा. यवतमाळ सोडून कापसातच येऊन पडलो. अशा लहान शाळा सिक्स-मॅन खेळतात, म्हणजे एका बाजूला सहाच खेळाडू, मैदान ८० यार्डांचं, आणि उत्तरार्धात ४५ गुणांचा फरक झाला की सामना तिथेच संपवतात. सगळ्या हायस्कुलात मुलं मिळून शंभराच्या आत. हेडकोचच ॲथलेटिक डायरेक्टर, तोच बस चालवतो, तोच मैदानावर पांढरे पट्टे मारतो. तो गेला की गावाला दोन-तीन माणसांचं काम शोधावं लागतं.

आणि दोन पोरं गेली की टीम उभीच राहत नाही. आमच्या पलीकडच्या गावात हे झालं. त्या वर्षी शुक्रवारी संध्याकाळी मैदानाचे दिवे लागले नाहीत. मी तिथल्या दवाखान्यात काम करतो. म्हातारी माणसं तपासायला आली की रक्तदाबाआधी ती गोष्ट सांगायची.

---

माजी_लाइनबॅकर | १८ जानेवारी

मी इथेच जन्मलो, मराठी लिहायला आजीने शिकवलं, चुका असतील तर सांभाळून घ्या. आता कॉलेज संपलंय. मी अकरावीआधी शाळा बदलली होती, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

आमचं खरंच घर बदललं. बाबांचं ऑफिस हललं. तरी जुन्या कोचने फॉर्मवर लिहिलं की खेळासाठी गेला. मला कमिटीपुढे जावं लागलं. एका शाळेच्या ऑफिसमधलं लांब टेबल, सात-आठ मोठी माणसं, आणि मी आईने इस्त्री केलेल्या शर्टात. एकाने विचारलं, तुला आधीचा कोच आवडायचा का? मी हो म्हणालो, कारण ते खरं होतं. पंधरा मिनिटांत पात्र ठरलो. बाहेर आल्यावर हात थरथरत होते. अजून आठवतं. आमचं सगळं खरं होतं तेव्हा ही गत. काका, तुमचा मुलगा त्या टेबलासमोर बसलाय आणि अपार्टमेंट खोटं आहे, असं डोळ्यासमोर आणा.

पण शाळा बदलून माझं भलं झालं हेही सांगायला हवं. आधीच्या शाळेत डोक्याला मार लागल्यावर "ठीक आहेस ना?" एवढंच विचारायचे. नव्या शाळेत ॲथलेटिक ट्रेनरने मला दोन सामने बसवलं, मी रडलो तरी बसवलं. म्हणून मी कुणालाही "जाऊ नकोस" असं सरसकट सांगणार नाही. जिथे मुलाच्या जिवाची काळजी घेत नाहीत तिथून उठा आणि जा.

आणि हे सगळं सुरू कुठे होतं ते आईवडिलांना कळत नाही. उन्हाळ्यातल्या सेव्हन-ऑन-सेव्हनमध्ये, म्हणजे सात-सात जणांच्या, फक्त बॉल फेकण्या-झेलण्याच्या खेळात. खाजगी टीम असतात, पाच शाळांची मुलं एकत्र खेळतात, बसमध्ये एकमेकांना म्हणतात, अरे आमच्याकडे ये. ऑगस्टपर्यंत घरी कळतं. त्यात लाइनची मुलं नसतात, कारण त्या खेळात लाइनच नसते. तुमचा मुलगा गार्ड आहे म्हणून तुम्हाला हा फोन इतक्या उशिरा आला.

---

सांगलीचा_बाबा | १८ जानेवारी

शेवटचं वाचून थांबलोच. खरं आहे. रिसीव्हरच्या घरी हे बोलणं जूनपासून चालू असणार.

---

बे_एरियावाला | १९ जानेवारी

कॅलिफोर्नियात नियम वेगळे. घर न बदलता पहिल्यांदा शाळा बदलली तर साधारण अर्धा हंगाम बाहेर बसायचं, मग खेळायला मोकळे. घर खरंच बदललं असेल तर बसावं लागत नाही. त्यामुळे खोट्या पत्त्यांचा सुळसुळाट इथेही आहे. २०२५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत नव्याने आलेल्या मुलांची कागदपत्रं खोटी निघाली. मुलं अपात्र, कोचची नोकरी गेली, आणि शेवटी शाळेने हंगामच रद्द केला. जी मुलं चार वर्षं त्याच शाळेत होती, त्यांचंही बारावीचं वर्ष गेलं. त्यांनी कुठल्याही कागदावर सही केलेली नव्हती.

कोच बदलण्याबद्दल एक चांगलं उदाहरण देतो. काँकॉर्डचं डे ला साल हायस्कूल, १९९२ ते २००४ सलग १५१ सामने जिंकलेली शाळा. बॉब लाडुसर जवळजवळ साडेतीन दशकं तिथे कोच होते. २०१३ च्या सुरुवातीला ते बाजूला झाले, आणि त्यांच्याच हाताखाली खेळलेला, मग त्यांचाच सहायक झालेला जस्टिन अलंबॉ हेडकोच झाला. मुलांच्या दृष्टीने फार काही हललं नाही. तुमच्याकडेही अशी उदाहरणं आहेत ना?

---

केटीची_मावशी | १९ जानेवारी

आहेत की! आमच्या केटी हायस्कूलचंच घ्या. माइक जॉन्स्टन निवृत्त झाले तेव्हा २००४ मध्ये डिफेन्स सांभाळणारे गॅरी जोसेफ हेडकोच झाले, बाहेरून कुणी आणलं नाही. ऑस्टिनच्या वेस्टलेकनेही तेच केलं. टॉड डॉज तीन वर्षं लागोपाठ राज्य जिंकून २०२१ च्या हंगामानंतर थांबले, आणि डिफेन्सचे कोच टोनी सालाझार पुढे आले. त्यातलं मधलं विजेतेपद तर डॉजनी आपल्याच मुलाच्या साउथलेक टीमला हरवून मिळवलं होतं. आमच्या घरी तो सामना बघताना कुणाला टाळ्या वाजवायच्या तेच कळेना.

दादा, तुमच्या शाळेत कुणी जुना सहायक मागे राहिलाय का ते बघा. लाइनचा कोच राहिला असेल तर तुमच्या मुलासाठी अर्धी टीम तिथेच आहे. हेडकोच सामना चालवतो, पण गार्डला रोज पाय कसा टाकायचा हे लाइनचा कोच शिकवतो.

---

पेठेतला_पोरगा | १९ जानेवारी

कोल्हापुरातनं लिहितोय. आमचं फुटबॉल पायानं खेळायचं, पण वाचताना वाटलं आमच्या पेठेतलंच चाललंय. आमच्यात शाळा नाही, तालीम. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. हंगामाच्या सुरुवातीला केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, खेळाडूंची नोंदणी असते. त्या दिवसांत कोण कुठल्या तालमीकडं सही करणार ह्यावर चहाच्या गाड्यावर दुसरा विषय नसतो. पेठेतलं पोरगं दुसऱ्या तालमीत गेलं की त्याच्या घरासमोरनं जाताना लोक मान वळवतात. तेही बरोबर नाही. माझा थोरला भाऊ असाच गेला होता. आई वर्षभर मंडईत खाली बघून चालायची.

म्हणून सांगतो, जी पोरं चाललीत त्यांच्यावर राग धरू नका. सोळा-सतरा वर्षांची पोरं. त्यांच्याशी आधीसारखं बोलत राहा. माझ्या भावाशी शाहू स्टेडियमवर पहिल्यांदा हसून बोलला तो जुन्या तालमीचा गोलकीपर. भाऊ अजून त्याचं नाव काढतो.

---

ओहायोची_वहिनी | २० जानेवारी

ओहायोतल्या मॅसिलन गावाहून वीस मिनिटांवर राहते. तिथल्या दवाखान्यात मुलगा जन्मला की पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवतात, तेव्हा कल्पना करा. पॉल ब्राउन १९३२ ते १९४० तिथे कोच होते, नंतर ते व्यावसायिक फुटबॉलमधलं मोठं नाव झालं, पण गावातले जुने लोक अजून त्यांना "आमचा कोच" म्हणतात. शेजारच्या कॅंटनशी मॅसिलनची चुरस १८९४ पासूनची. प्लेऑफ (बाद फेरी) सुरू झाल्यापासूनचं पहिलं राज्य विजेतेपद मात्र त्यांना २०२३ मध्ये मिळालं. मधल्या काळात किती कोच आले आणि गेले. लोक दर शुक्रवारी येत राहिले.

आमच्याकडे २०१७ पासून एक पद्धत आहे. बाहेरून आलेली मुलं जितकी जास्त, तितकी शाळेची पटसंख्या हिशोबात वाढवतात आणि तिला वरच्या गटात खेळावं लागतं. या पद्धतीत मुलाला शिक्षा नाही, शाळेला किंमत मोजावी लागते. मला हे जास्त न्याय्य वाटतं. टेक्सासमध्ये असं काही का करत नाहीत?

---

सांगलीचा_बाबा | २६ जानेवारी

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, आठवडा धावपळीत गेला.

शनिवारी मुलाला घेऊन गाडीने निघालो. समोरासमोर तो बोलत नाही, गाडीत बोलतो. मी फोनबद्दल सगळं सांगितलं, अपार्टमेंटसकट. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग विचारलं, "बाबा, आपण तिथे खरंच राहणार का?" मी म्हणालो, नाही. "मग फॉर्मवर मी कुठे राहतो म्हणून लिहायचं?" मला उत्तर देता आलं नाही. तो म्हणाला, "मग नको." एवढंच. पुढे टॅको घेतले आणि घरी आलो.

रात्री त्याने आणखी एक सांगितलं ते मला आधी माहीत नव्हतं. सेंटर खेळणारा मुलगा त्याचा जिवलग मित्र आहे. त्याची आई एकटी आहे, दोन नोकऱ्या करते. त्याला कुणाचाच फोन आलेला नाही. त्याचं कुटुंब महिन्याला दुसऱ्या घराचं भाडं देऊच शकत नाही. "तो कुठे जाणार?" असं माझ्या मुलाने विचारलं.

केटीच्या मावशी, तुमचं ऐकून चौकशी केली. लाइनचे कोच राहिलेत. सकाळी सहाला वेटरूम (वजनं उचलायची व्यायामाची खोली) तेच उघडतात, आत्ताही.

फोन करणाऱ्या गृहस्थांना मी नाही म्हणून कळवलं. बाईंनी लिहिलेलं सगळं त्यांना समजावून सांगितलं. ते ऐकून घेत होते. पुढे काय करतील ते त्यांचं.

---

सांगलीचा_बाबा | ऑगस्टचा शेवटचा शनिवार

बऱ्याच जणांनी विचारलं होतं म्हणून लिहितो.

फेब्रुवारीत नवे हेडकोच आले. पश्चिम टेक्सासमधल्या मध्यम शाळेतून आलेत, भूगोल शिकवतात. पहिल्याच पालकसभेत त्यांनी आडवळण न घेता सांगितलं की ते विंग-टी खेळवतात, म्हणजे बॉल फेकण्यापेक्षा घेऊन पळण्यावर भर. आधीचे कोच बॉल हवेत फेकायचे, तेव्हा गार्डचं काम जागेवर उभं राहून मागे सरकत अडवायचं. विंग-टीमध्ये गार्ड आपली जागा सोडून लाइनच्या मागून धावत जातो आणि बॉल घेऊन येणाऱ्यासाठी वाट मोकळी करतो. एप्रिल-मेमध्ये मुलगा रोज रडकुंडीला येऊन घरी यायचा, उलट्या बाजूला पळायचा, आपल्याच माणसावर आदळायचा. जुलैत अठरा पौंड उतरला. मागच्या अंगणात मी खुर्च्या मांडून द्यायचो आणि तो त्यांच्यामधून धावायचा.

गेलेल्यांचं सांगतो. क्वार्टरबॅकच्या आईवडिलांनी घर खरंच विकलं, तो तिकडे खेळतोय. परवा आमच्या मुलाला त्याचा मेसेज आला होता, दोघं अर्धा तास बोलत होते. अपार्टमेंट घेतलेल्यांपैकी दोघांचं प्रकरण कमिटीपुढे गेलं आणि दोघंही वर्षभर व्हर्सिटीतून बाहेर. त्यातला एक आमच्याच रस्त्यावर राहतो. सकाळी वडील त्याला चाळीस मैल गाडी चालवून शाळेत सोडतात. काल तो आपल्या जुन्या टीमचा सामना बघायला स्टँडमध्ये आला होता, टोपी खाली ओढून. मी त्याला जवळ बोलावून बसवलं. कोल्हापूरच्या भावाने लिहिलेलं डोक्यात होतं.

सामना आम्ही हरलो, सहा गुणांनी. दुसऱ्या क्वार्टरमध्ये एक खेळी झाली. मुलगा उजवीकडून निघाला, सेंटरच्या मागून डावीकडे धावत गेला, त्यांच्या लाइनबॅकरला त्याने बाजूला नेलं आणि मागून आमचा रनिंगबॅक एकोणीस यार्ड गेला. माइकवर रनिंगबॅकचं नाव आलं. स्टँडमध्ये माझ्या शेजारी टोपी ओढून बसलेला तो पोरगा ताडकन उभा राहिला आणि ओरडला, "कोणी वाट काढली बघितलं का!"

---

बँडवाली_आई | त्याच रात्री

दादा, गुरुवारी रात्री लाइनची मुलं एकमेकांकडे जेवतात म्हणतात. तुमच्याकडची पाळी झाली का?

---

सांगलीचा_बाबा | रविवार

झाली, या गुरुवारीच. सहा पोरं आणि लाइनचे कोच. तांबडा रस्सा बेताचाच तिखट केला होता, तरी सेंटरने तीनदा घेतला. भाकऱ्या संपल्यावर त्याने ताटातला रस्सा भाताने पुसून घेतला आणि बायकोला विचारलं, पुढच्या गुरुवारी पण येऊ का. पाळी दुसऱ्या घरची आहे. ती म्हणाली, ये.